जिथं माझे बाबा कप धुतात

हे मी लिहिणारच नव्हती. दोनदा टाइप करायले बसली, दोनदा कागद मशीनमधून ओढला अन् फाडून टाकला. एका बाईनं इतकी वर्षं झाकून ठेवलेली गोष्ट, ती उघडणारी मी कोण? पण काल तिनंच म्हटलं, "लिही व पोरी, अन् लवकर लिही." म्हणून आता टायपिंगच्या क्लासात कोपऱ्यातल्या मशीनवर बसली आहे. सर समजून राह्यले पोरगी परीक्षेची प्रॅक्टिस करते. चुका दिसतील, वाचून घ्या, परत टाइप करायले वेळ नाही. काऊन नाही, ते शेवटी कळेल.

आपल्या कॉलेजच्या भित्तिपत्रकासाठी विषय निघाला होता, चिखलीतली खायची-प्यायची अशी ठिकाणं की जी आपल्याच लोकाले माहीत नाहीत. मी हात वर केला. विचार नंतर केला, नेहमीसारखा. मंग मी अन् माझी मैत्रीण गीता गावभर फिरलो. कापसाच्या बाजारामागं एक म्हातारी मातीच्या भट्टीवर फुटाणे भाजते, गरम वाळूतले, खिशात टाकले तर मांडी भाजते. धान्याच्या अडतीमागं एक जण डेऱ्यातलं ताक विकते, वरून ठेचलेली मिरची टाकते, अन् डोळ्यातून पाणी आलं की हसते. हे सारं लिहिणार होती. तेवढ्यात मेहकरच्या रस्त्यावर, जिथं जीपा थांबतात, त्या लिंबाखालच्या टिनाच्या हॉटेलात मले माझे बाबा दिसले.

बाबा उकिडवे बसले होते अन् कप धुऊन राह्यले होते.

माझे बाबा म्हणजे रंगराव, भाजीवाले. आमची वांगी-कांद्याची वाडी आहे. घरी बाबा जेवून उठले की ताट तिथंच राह्यते. तांब्या हाताशी असला तरी "अवं, पाणी" म्हणून आईले हाक मारतात. अन् इथं तोच माणूस काथ्यावर राख घेऊन कप घासून राह्यला, आतून, बाहेरून, कपाच्या कानात बोट घालून. मंग उजेडात धरून पाह्यला अन् दाराजवळच्या एका काळ्या दगडावर उपडा ठेवला. मागं उभ्या असलेल्या जीपवाल्यानं तोच कप उचलला, पुढं केला, अन् आतल्या बाईनं त्यात चहा ओतला.

मी घरी पळत आली.

"आई, आज बाबाले कप धुतांना पाह्यलं!"

"कोणाच्या बाबाले?"

"आपल्या!"

आईनं माझ्या कपाळाले हात लावून पाह्यला. "उन्हात फिरू नोको म्हटलं होतं तुले."

रात्री जेवतांना बाबाले विचारलं, तिथं कप काऊन धुता?

"तिथं धुवा लागते."

"पण काऊन?"

"काऊन म्हणजे काय? तिथं धुतात." इतकं बोलून उठले. ताट तिथंच.

आता मले झोप येईल का? दुसऱ्या दिवसापासून मी ज्याले त्याले विचारत सुटली. जीपवाला म्हणे, बाईचा नवस आहे. अडतीतला मापारी म्हणे, नवस नाही अन् काही नाही, नोकर ठेवायले नको म्हणून, हुशार बाई आहे. गीता म्हणे, तिच्या हाताले त्रास असेल बिचारीच्या. एक जण तर म्हणे, ती सरकारी योजना आहे. सारे तिथं चहा पितात, सारे कप धुतात, अन् काऊन ते एकाले माहीत नाही! दुष्काळाच्या सालातही कोणी थांबलं नाही म्हणे. तेव्हा कोरड्या राखेनं पुसायचे अन् वरून नुसती पाण्याची बोटं फिरवायचे.

मंग आम्ही दोघी गेलोच. हॉटेलले नाव नाही, पाटी नाही. आत दोन बाकडे, भिंतीवर भगवान बुद्धाचा अन् बाबासाहेबांचा फोटो, त्याले ताजा हार. कढईजवळ पांढऱ्या लुगड्यातली एक बाई, कपाळ मोकळं, हात मात्र असा चालते की पाहत राहावं. ती तानाबाई. सारे तिले मावशी म्हणतात. ती मुंगवडे करते, मुंगाची डाळ पाट्यावर भरड वाटलेली, त्यात ठेचलेलं लसूण अन् अख्खे धने. पळसाच्या पानावर देते, सोबत तळलेली मिरची. एका घासातच मी म्हटलं, गीता, लग्नात काही नको, हेच ठेवजो. अन् चहा गुळाचा, अद्रकाचा, कान गरम होतात.

पिऊन झाला अन् मी उठली. कप बाकड्यावर. मी मुद्दाम नाही केलं, खरंच विसरली. सारं हॉटेल माझ्या कपाकडं पाहायले लागलं.

मावशीनं कढईतून मान वर केली नाही. "पोरी, कप रुसला ना तुहा."

सारे हसले. गीता तर सगळ्यात जास्त. मी लाल होऊन कप उचलला, पाण्यातून काढला अन् दगडावर ठेवला. मागं दुसरबीडचा एक गाडीवान बसला होता. त्यानं कप उचलून नाकापाशी नेला.

"हे धुणं होय का बाई? याच्यात चहा मले प्यायचा हाय, तुले नाही."

परत धुतला. त्यानं परत पाह्यला. तिसऱ्यांदा धुतला तेव्हा म्हणे, "हां, आता सोयरिकीले हरकत नाही."

मावशी तेवढ्यात माझ्याकडं बारीक डोळे करून पाहत होती. "रंगरावाची काय व तू? बापानंही पह्यल्या दिवशी असाच धुतला होता. चेहरा पण असाच केला होता."

"मावशी, पण काऊन धुवायचा?"

"उगंच."

त्या 'उगंच'नं माझं डोकं खाल्लं. मी रोज जायले लागली. क्लास सुटला की तिथं. चहा, मुंगवडे, कप, अन् मंग "मावशी, काऊन?" अन् मावशीचं "उगंच". मधे मधे बाकीचं सांगायची. नवऱ्याचं नाव शंकरराव, महाराष्ट्र झाला त्याच साली दोघांनी हे हॉटेल टाकलं. डाळ वाटायचं काम शंकररावांचं, तळायचं हिचं. शंकरराव वारले तेव्हापासून दोन्ही हिचंच. डोणगावच्या बाजाराले दुकान लावून पाह्यलं पण तिथं मन लागलं नाही. एकुलता पोरगा सहदेव मॅट्रिक झाला अन् आईसोबत हॉटेलात उभा राह्यला.

सहदेव कमी बोलते. शर्ट इस्त्रीचा, तेलाजवळ उभं राहूनही डाग नाही. त्यानं मोठ्या रस्त्यावर एक पक्का गाळा पाहून ठेवला होता, फरशीचा, नळाचा. काचेचे गिलास पण आणून ठेवले होते, गवतात गुंडाळून. माय-लेकाचं त्याच्यावरूनच चालू होतं.

"गाळ्यात जाऊ बाप्पा, मी कुठं नाही म्हणते. पण गिलास असो का कप, धुवायचं ज्याचं त्यानं."

"तिथं नाही जमणार. लोक हसतात."

"इतके दिवस नाही हसले."

"तोंडावर नाही हसले."

एका दुपारी गर्दी नव्हती, मावशी मागं पाट्यावर डाळ वाटत होती, अन् मी सहदेवले पकडलं. म्हटलं, इतकी गमतीची पद्धत आहे, काऊन मोडता?

त्यानं हातातलं फडकं खाली ठेवलं.

"तुमाले गंमत वाटते. मले नाही वाटत. आमच्या लोकाले गावातल्या हॉटेलात काय होतं माहीत हाय का तुमाले? बाहेर बसायचं. कप वेगळा, कानतुटका. प्यायला की आपल्या हातानं धुवायचा अन् बाहेरच दगडावर उपडा ठेवायचा. माह्या आज्यानं जनम तेच केलं, बापानं तेच केलं. मंग बापानं स्वतःचं हॉटेल काढलं, स्वतःच्या मालकीचं, अन् इथंही तेच लावलं! तोच दगड, तेच उपडं ठेवणं. इतकी सवय लागली होती का त्याले? मी लहानपणापासून हे पाहतो अन् मले बापाची लाज वाटते. हाव, लाज वाटते."

पाट्याचा आवाज बंद झाला होता. मावशी दारात उभी होती, हातावर डाळ तशीच.

"काय म्हटलं तू?"

सहदेवनं फडकं परत उचललं.

"बापाची लाज वाटते म्हटलं ना?" ती आत येऊन बाकड्यावर बसली. मी तिले बाकड्यावर बसलेली त्या दिवशी पह्यल्यांदा पाह्यली. मी उठायले लागली तर म्हणे, "बस व. रोज काऊन काऊन करते ना, ऐक आता तूही."

मंग तिनं सांगितलं. जसं आठवते तसं लिहिते.

हॉटेल उघडलं त्या दिवशी तिचे वडील आले होते, तुळशीराम, दुसरबीडचे. जावयाचं हॉटेल म्हणून रातच्यानच निघाले. नवं धोतर, धुतलेला फेटा, अन् सोबत गुळाची ढेप, पह्यला चहा आपल्याच गुळाचा व्हावा म्हणून. वस्तीतले सारे जमले होते. रस्त्यावर चार बाहेरचे लोक पण थांबून पाहत होते, हे लोक काय हॉटेल चालवतात म्हणून. शंकररावांनी सासऱ्याले हाताले धरून आत नेलं, मधोमध बाकड्यावर बसवलं. नव्या कपात, बशीसकट चहा देल्ला. तुळशीराम बशीत ओतून फुंकर मारून प्यायले. म्हणे, लय झ्याक झाला जावईबापू. सारे खुश.

"अन् मंग माहा बाप उठला," मावशी म्हणे. "कप घेतला, बाहेर गेला, रांजणातून पाणी घेतलं, कप धुतला, अन् लिंबाखाली दगड होता त्याच्यावर उपडा ठेवला. धोतराले हात पुसले. अन् वळला. तेव्हा त्याले कळलं, त्यानं काय केलं ते. माहीत होतं व त्याले, हॉटेल पोरीचं हाय, जावयाचं हाय. डोक्याले माहीत होतं. हाताले माहीत नव्हतं."

कोणी हसलं नाही म्हणे. हसले असते तर बरं झालं असतं. तुळशीराम तिथंच उभे, नव्या धोतरात, मान खाली. मावशीले वाटलं, जमीन फाटावी.

शंकररावांच्या हातात चहा होता, गरम. त्यांनी तसाच घटाघट प्यायला, जीभ भाजली असेल. बाहेर गेले. कप धुतला, राखेनं घासून, सासऱ्यापेक्षा चांगला. अन् त्याच दगडावर सासऱ्याच्या कपाले लागून उपडा ठेवला.

"मामंजी, बराबर केलं तुमी," मोठ्यानं म्हणाले, रस्त्यावरच्यालेही ऐकू जाईल असं. "मी सांगायचंच विसरलो होतो साऱ्याले. आपल्या हॉटेलात आपला कप आपण धुवायचा. मालकानंही."

मंग एक एक जण उठला. सारी वस्ती कप धुवायले ओळीनं उभी. संध्याकाळी शंकररावांनी तो दगड पहारीनं उकरून दाराच्या आत आणला. बाहेर काही ठेवायचं नाही म्हणे. अन् रात्री बायकोकडून शब्द घेतला, सहदेवले हे कधी सांगायचं नाही. पोराच्या डोळ्यात आजा लहान व्हायले नाही पाह्यजे.

"मंग स्वतःच लहान झाले तुह्या डोळ्यात," मावशी म्हणे. "अन् मी ते पाहत राह्यली."

मी रडत होती, ते सांगायले नको. सहदेव बाहेर निघून गेला. जीपांपाशी पाठमोरा उभा राह्यला, कितीक वेळ. मावशीच्या हातावरची डाळ वाळून गेली. आला तेव्हा त्यानं आईकडं नाही, दगडाकडं पाह्यलं.

"हाच तो?"

"हाच."

"इतके दिवस काऊन नाही सांगितलं?"

"शब्द देल्ला होता."

"मंग आज काऊन सांगितलं?"

"आज तू बापाले बोल लावला."

यानंतर सहदेव आईच्या पाया पडला अन् सारं गोड झालं असं मले लिहिता आलं असतं. तसं झालं नाही. त्यानं कप उचलला, धुतला, पण बोलला ते असं:

"गाळा मी घेणारच. दगड नेऊ. राख ठेवू, काथ्या ठेवू. पण कोणाले सांगायचं नाही. पाटी नाही लावायची, 'कप रुसला' म्हणायचं नाही. आज्यानं चुकून केलं, बापानं मनानं केलं. लोकानंही मनानं केलं पाह्यजे. पोळ्यापर्यंत पाहू. लोक आपणहून धुतील तर जनमभर चालवू. नाही तर मी कप धुवायले माणूस ठेवीन, अन् तू काही बोलायचं नाही."

मावशीनं विचार केला. "बरं," म्हणे. "आता मीही काही बोलणार नाही."

त्या दिवशी घरी आली अन् बाबाले धरलं. मावशीनं सांगितलं होतं की बाहेरच्या लोकात पह्यला चहा रंगरावांनी प्यायला, मुंगवड्याच्या वासानं आत शिरले होते. शंकररावांनी कप धुवायले सांगितला तर संतापून उठले, अन् दारातून परत फिरले. काऊन फिरले, ते मावशीलेही माहीत नव्हतं. "तुह्या बापालेच विचार," म्हणे.

बाबा कांदे निवडत होते. एक सडका कांदा बाजूले टाकला.

"दारात नव्या धोतरातला एक म्हातारा उकिडवा बसून कप धुऊन राह्यला होता," मंग म्हणाले. "मी अंगावर जाऊन राह्यलो होतो भांडायले. त्यानं मान वर केली, माह्याकडं पाह्यलं, अन् थोडा सरकला. मले बसायले जागा केली. त्याले वाटलं, मी धुवायलेच आलो."

"मंग?"

"मंग काय? बसलो."

आई चुलीपासून हे ऐकत होती. त्या दिवशी बाबाचं ताट तिनं लय वेळ उचललं नाही. बाबा ताटाकडं पाहत राह्यले अन् ताट बाबाकडं.

नागपंचमीले गाळा सुरू झाला. मोठ्या रस्त्यावर, बियाण्याच्या दुकानाले लागून, अजूनही पाटी नाही. दगड आत नळाजवळ ठेवला, राखेचा डबा अन् काथ्या बाजूले. गिलास गवतातून काढलेच नाहीत, कपच आहेत. पह्यल्या दिवशी जुने सारे आले. बाबानं तर इतका खळखळ आवाज करून कप धुतला की मले हसू आवरेना. दुसरबीडचा गाडीवान येऊन माझा कप तपासून गेला.

पण नवे लोक. हाफिसातले दोन जण आले, मुंगवडे खाल्ले, वा वा केलं, कप टेबलावर अन् निघून गेले. शाळेतले एक गुरुजी तसेच. अन् परवा आपल्या कॉलेजचे तिघं आले, नाव नाही लिहीत, त्यांनी कपात मिरचीचे देठ टाकले अन् उठले. टेबलावरचे कप सहदेवनं एकेक करून उचलले अन् नळाखाली धरले. मावशी कढईत पाहत राह्यली. बोलणार नाही म्हटलं आहे, तर ती बोलत नाही. तिचे ओठ मी पाह्यले, घट्ट मिटलेले. एक मुंगवडा काळा झाला तरी तिनं काढला नाही. मावशीचा मुंगवडा काळा!

काल गर्दी सरल्यावर मी तिच्याजवळ बसली. म्हटलं, मावशी, मी लिहू का हे? पण तुमचा शब्द?

"शब्द पोरापुरता होता. पोराले तर कळलं. आता कोणापासून झाकू?" मंग म्हणे, "माह्या बापाचं नाव लिही. तुळशीराम. दुसरबीडचा. चूक झाली म्हणून नोको लिहू, कप धुतला म्हणून लिही."

अन् सहदेवनं गिऱ्हाइकाले सांगू नको म्हटलं आहे, हे मले माहीत आहे. पण कॉलेजच्या भिंतीले सांगू नको असं तो बोलला नाही. त्यानं वाचलं अन् रागावला तर रागावू दे, मी रोजचं गिऱ्हाईक आहे, चहा तर द्यावाच लागेल.

म्हणून सांगते, जा. हे वाचून झालं की लगेच जा, पुढच्या आठवड्यात नको, पोळा तोंडावर आला आहे. बियाण्याच्या दुकानाच्या बाजूले, गुळाच्या चहाचा वास येईल तिथं. मुंगवडे गरम खा, मावशीले विचारा डाळ कशी वाटता, तिले ते सांगायले आवडते. माझी आई पण उद्या येऊन राह्यली आहे, चहासाठी नाही, बाबाले पाहायले.

अन् निघतांना काय करायचं ते आता तुमाले माहीत आहे. कोणी सांगणार नाही. नीट धुवा फक्त. मागं दुसरबीडचा गाडीवान बसलेला असू शकते.